हाफची वेळ थांबली म्हणजे प्रगती थांबली का?

प्रश्न असा आहे: वय ४३, ठाण्यात राहतो, चार वर्षं पळतोय. मुंबई मॅरेथॉनमधल्या हाफच्या (२१.१ किमीच्या अर्ध-मॅरेथॉनच्या) वेळा अनुक्रमे २:३१, २:१४, २:११ आणि यंदा २:१२. आठवड्याला चार दिवस मिळून ३५ किमी. गेल्या वर्षी पहिले १० किमी ५८ मिनिटांत झाले होते, यंदा ६२ मिनिटांत. घड्याळाप्रमाणे हृदयाचे सरासरी ठोके गेल्या वर्षी १७२, यंदा १६४. वर्षभर पहाटे उठून शेवटी एक मिनिट वाढलंच. आपण पुढे सरकतोय की नाही, हे ओळखायचं कसं?

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडू. गेल्या वर्षीच्या १३१ मिनिटांतली ५८ पहिल्या १० किमीला गेली, म्हणजे किलोमीटरला ५:४८ (हाच पेस). उरलेल्या ११.१ किमीला ७३ मिनिटं लागली, किलोमीटरला ६:३५. पहिल्या १० किमीच्या तुलनेत पुढच्या प्रत्येक किलोमीटरला ४७ सेकंदांची घसरण. यंदा पहिले १० किमी ६:१२ च्या पेसने आणि उरलेले ७० मिनिटांत, म्हणजे ६:१८ ने. घसरण फक्त ६ सेकंदांची, आणि पेडर रोडचा चढ याच उत्तरार्धात येतो. जो भाग अवघड आहे तो तुम्ही यंदा गेल्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं लवकर संपवलात. सुरुवातीला चार मिनिटं हातची सोडलीत, म्हणून शेवटच्या आकड्यात एक मिनिट जास्त दिसतंय. ते मिनिट ताकद कमी झाल्यामुळे वाढलेलं नाही, सुरुवात जरा जास्तच जपून केल्यामुळे वाढलेलं आहे. या दोन शर्यतींमधली मी चांगली म्हणेन ती २:१२ ची.

ठोक्यांवर मात्र लगेच विसंबू नका. २२० वजा वय या सूत्राने तुमचे कमाल ठोके १७७ येतात. कमाल १७७ असलेला माणूस १७२ ची सरासरी सव्वादोन तास टिकवू शकत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक, तुमचे कमाल ठोके १७७ पेक्षा बरेच जास्त आहेत. हे सर्रास दिसतं, कारण हे सूत्र एकेका माणसाच्या बाबतीत १०–१२ ठोक्यांनी सहज चुकतं. दुसरी शक्यता, मनगटावरच्या सेन्सरने गेल्या वर्षी ठोक्यांऐवजी पावलं मोजली. हौशी धावपटूची पावलं मिनिटाला १६० ते १७५ पडतात. घड्याळाचा पट्टा सैल असला किंवा हात थंड असला, तर सेन्सर त्या तालाला चिकटतो. त्या शर्यतीचा आलेख उघडा आणि कॅडन्सची (मिनिटाला पडणाऱ्या पावलांची) रेघ ठोक्यांच्या रेघेवर ठेवून बघा. दोन्ही एकावर एक बसल्या तर १७२ हा आकडा टाकून द्या. यापुढे मोजमापासाठी छातीवरचा पट्टा वापरा, आणि घड्याळात कंपनीने वयावरून भरून ठेवलेले झोन (सोपा, मध्यम, अवघड अशा जोराचे ठोक्यांचे पट्टे) तसेच ठेवू नका. चुकीच्या कमाल आकड्यावर बेतलेले झोन तुम्हाला सोपा रन अवघड म्हणून दाखवतात.

आता मिनिटभराच्या फरकाची किंमत. २:११ आणि २:१२ मध्ये पाऊण टक्क्याचा फरक आहे, किलोमीटरला जेमतेम तीन सेकंद. ६:१५ च्या पेसने मिनिटभरात १६० मीटर अंतर होतं. गर्दीत डावी-उजवीकडून वाट काढत, वळणं बाहेरून घेत पळालं की १६० मीटर सहज जास्त होतात. प्रमाणित मार्गाचं अंतर मोजायची पद्धत ठरलेली आहे: अचूक जुळवलेल्या सायकलने, वळणांवर कडेपासून ३० सेंमी अंतर ठेवून, सर्वांत छोट्या शक्य रेषेने. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग जास्त धरतात. हाफला ते २१ मीटर होतात. त्या छोट्या रेषेवर हजारोंच्या गर्दीत कुणालाच पळता येत नाही. म्हणून घड्याळ २१.३ किंवा २१.४ किमी दाखवतं आणि लोक म्हणतात, मार्ग लांब होता. मार्ग बरोबर असतो. घड्याळ जास्त अंतर धरतं, म्हणून त्यावरचा पेसही खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. तुलना करताना चिपची (तुम्ही स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची) अधिकृत वेळ २१.०९७५ ने भागा, घड्याळातला पेस घेऊ नका. आणि दरवर्षी चिपचीच वेळ घ्या. सुरुवातीच्या तोफेपासूनच्या वेळेत तुम्ही मागच्या रांगेत किती उभे होतात, तेही मिसळलेलं असतं.

वेगवेगळ्या शर्यतींच्या वेळा एका रांगेत मांडून तर काहीच कळत नाही. साताऱ्याच्या हिल हाफमध्ये जाताना यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्याने उतरायचं. तिथली वेळ फक्त साताऱ्याच्या आधीच्या वेळेशी ताडायची. एकाच शर्यतीचा मार्गही दरवर्षी तोच असेल असं गृहीत धरू नका. नकाशा बघून घ्या. नवे कार्बन प्लेटचे शूज घातले असतील तर तसं वेळेपुढे लिहून ठेवा. त्यांनी खरोखर वेळ कमी होते, पण ती कमाई पायांची आहे की शूजची, हे नंतर वेगळं काढता येत नाही.

तुमच्या चार वेळांचा उतार बघा: आधी १७ मिनिटं, मग ३, मग जवळपास शून्य. असाच उतार सगळ्यांचा असतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०१८ साली भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) ८ मिनिटं २९.८० सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८:११.२० वेळ देऊन रौप्य मिळवलं. चार वर्षांत १८.६ सेकंद. त्यापुढचा विक्रम २०२४ मध्ये पॅरिसला, ८:०९.९१. दोन वर्षांत १.२९ सेकंद. पूर्ण वेळ सराव करणाऱ्या, मोजलेल्या ट्रॅकवर पळणाऱ्या खेळाडूचा हा आलेख आहे. पहिल्या वर्षात मिळाली तशी १७ मिनिटं पुन्हा मिळणार नाहीत, आणि पुढची चार मिनिटं त्या १७ पेक्षा जास्त कष्टाची असणार आहेत.

मग मोजायचं काय? दमसासाच्या खेळात प्रगती म्हणजे तेच काम कमी खर्चात होणं, किंवा तेवढ्याच खर्चात जास्त काम होणं. वर्षातून एकदा होणाऱ्या शर्यतीत हे दिसेलच असं नाही, कारण त्या एका दिवसात हवा, झोप, पोट, गर्दी, सगळं मिसळलेलं असतं. दर महिन्याला एक छोटी, कंटाळवाणी आणि दरवेळी अगदी सारखी चाचणी ठेवली की खरं चित्र दिसतं.

सर्वांत उपयोगाची चाचणी म्हणजे ठरलेल्या ठोक्यांचा रन. दर चार आठवड्यांनी, कठीण सरावानंतर किमान दोन दिवस सोडून, एकाच सपाट रस्त्यावर. पाम बीच रोड चालेल, मरीन ड्राइव्ह चालेल. येऊरचा रस्ता चालणार नाही, चढ-उतार आला की तुलना संपली. वेळ पहाटेची, शूज तेच, चहा-कॉफी घ्यायची तर दरवेळी किंवा कधीच नाही. आधी २ किमी हळू. मग ६ किमी, ठोके १४० ते १४५ च्या आत ठेवून. हा पट्टा तुम्हाला बरोबर आहे का, याची खूण साधी आहे: पळता पळता तीन-चार वाक्यं न अडखळता बोलता आली पाहिजेत. येत नसतील तर पट्टा पाच ठोक्यांनी खाली घ्या आणि पुढे वर्षभर तोच ठेवा. चढते ठोके आवरायला पेस कमी करावा लागला तर करायचा, ती चाचणीच आहे. सहाही किलोमीटरच्या वेळा लिहा. पहिला किलोमीटर सरासरीत धरू नका, कारण ठोके वर यायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात पेस खोटा चांगला येतो. जानेवारीत ७:२० आणि पुढच्या जानेवारीत त्याच ठोक्यांवर ७:००, तर वर्ष सत्कारणी लागलं, शर्यतीत काहीही झालेलं असो. एका महिन्यात पाच-सात सेकंद मागे-पुढे झाले तर लक्ष देऊ नका. सलग तीन चाचण्या एकाच दिशेला गेल्या की मात्र विचार करा.

दुसरी चाचणी लाँग रनमधली, म्हणजे आठवड्यातल्या सर्वांत लांब रनमधली. ९० मिनिटं एकसारख्या जोराने पळा आणि त्याचे ४५-४५ मिनिटांचे दोन भाग करा. समजा पहिल्या भागात ६.४ किमी झाले, सरासरी ठोके १३८. मिनिटाला १४२ मीटर; १३८ ने भागले की दर ठोक्याला १.०३ मीटर. दुसऱ्या भागात ६.३ किमी, ठोके १४६. मिनिटाला १४० मीटर, दर ठोक्याला ०.९६. घसरण सात टक्के. ही पाच टक्क्यांच्या आत असेल तर तेवढ्या वेळापुरता तुमचा पाया पक्का आहे. सात-आठ असेल तर तीन कारणं तपासा: सुरुवात जोरात झाली, पाणी-मीठ कमी पडलं, की पायाच अजून कच्चा आहे. सहा महिन्यांनी तोच रन ६.४ किमी १३८ वर आणि ६.४ किमी १४२ वर आला, तर घसरण तीन टक्क्यांच्या आत आली. शर्यतीतला तुमचा उत्तरार्ध यंदा सुधारला, त्यामागे पेस जपण्यासोबत हेही असणार. तुमच्या जुन्या लाँग रनमध्ये हा हिशोब करून बघा. घड्याळाने सगळं साठवलेलं असतं.

आता हवामानाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण कोकणपट्टीतल्या धावपटूंची सर्वांत मोठी फसगत इथे होते. मुंबई-ठाण्यात मे महिन्यापासून पावसाळा संपेपर्यंत दवबिंदू (हवेत बाष्प किती आहे याचं माप) २४ अंशांच्या आसपास असतो. तापमानापेक्षा हा आकडा महत्त्वाचा. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो मिळतो. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, घाम वाळला तर थंड होतं, आणि दवबिंदू २० च्या वर गेला की घाम वाळायचा वेग पडतो, तो नुसता गळत राहतो. शरीर मग जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं. स्नायूंना तेवढंच रक्त हवं असतं, घामामुळे रक्तातलं पाणीही घटलेलं असतं, त्यामुळे हृदयाला दर मिनिटाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. तोच पेस आठ-दहा ठोक्यांनी महाग होतो. यात फिटनेस घसरल्याचा काही संबंध नाही.

उलट बाजू जास्त फसवी आहे. जानेवारीच्या शर्यतीसाठी आपला सराव जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतो: दमट पावसाळा, मग ऑक्टोबर हीट, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून पहाटेची हवा कोरडी व्हायला लागते. नेमक्या त्याच महिन्यात सगळ्यांचे पेस एकदम सुधारतात. प्लॅनचं कौतुक होतं, नव्या शूजचं होतं, बीटच्या रसाचं होतं. त्यातला बराचसा भाग हवेचा असतो. हाच उत्साह घेऊन जानेवारीत पहिले १० किमी ५८ मिनिटांत पळले जातात. म्हणून नियम एकच: मेची तुलना मेशी, डिसेंबरची डिसेंबरशी. मागच्या महिन्याशी केलेली तुलना वर्षातून निदान दोनदा खोटी ठरते, एकदा मार्चमध्ये निराश करते आणि एकदा नोव्हेंबरमध्ये फुशारकी देते. पुण्यातल्या, नाशिकच्या धावपटूंना हा फेर कमी सोसावा लागतो, पण असतोच. आणि पुण्यातला डिसेंबरचा पेस घेऊन मुंबईच्या जानेवारीचं गणित मांडू नये.

उन्हाळ्यात नव्याने सराव सुरू करणाऱ्यांनी पहिले १० ते १४ दिवस कसलीच चाचणी घेऊ नये. शरीर उष्णतेला सरावायला एवढे दिवस लागतात. बाहेरगावी थंड हवेत दोन-तीन आठवडे राहून आल्यावरही हेच. धावणाऱ्या बायकांनी आणखी एक तारीख वहीत ठेवावी: पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात शरीराचं तापमान थोडं चढलेलं असतं आणि ठोकेही जास्त पडतात, तेव्हा दर महिन्याची चाचणी चक्राच्या त्याच आठवड्यात घ्यावी.

वही म्हटलं, कारण ॲपमध्ये आकडे असतात पण कारणं नसतात. दोन ओळी पुरतात. उदाहरणार्थ: मंगळवार, पहाटे ५:४०, २७ अंश, दवबिंदू २४. उपवनच्या बाजूने ८ किमी, ५८ मिनिटं, ठोके १४६, जोर ५. झोप साडेपाच तास. डाव्या टाचेत पहिली पाच मिनिटं टोचलं, मग गेलं. यातला ‘जोर’ म्हणजे दहापैकी किती कष्ट वाटले, तो आकडा घरी पोचल्यावर घड्याळ बघायच्या आधी लिहायचा, नाहीतर मन पेस बघून आकडा ठरवतं. आणि शेवटच्या वाक्याकडे बघा. एकदा आलं तर काही नाही. तेच वाक्य दोन आठवड्यांत तीनदा आलं, तर टाचेखालचा पडदा दुखावतोय आणि आता पोटऱ्यांचे व्यायाम सुरू करून लाँग रन कमी करायची वेळ आहे. थांबलात तर दोन आठवडे जातील, दुर्लक्ष केलंत तर तीन महिने जाऊ शकतात. अशी घट टळणं ही प्रगतीच आहे, ती कुठल्या निकालपत्रात छापून येत नाही.

घड्याळातल्या व्हीओटू मॅक्सच्या (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्या) आकड्याला मी फार महत्त्व देत नाही. तो पेस आणि ठोक्यांवरून काढलेला अंदाज असतो. ठोके चुकले, हवा दमट असली, चढ आला की तो हलतो. मेमध्ये दोनने उतरला म्हणून खचू नये. सकाळी अंथरुणातून उठण्याआधीचे ठोके मात्र कामाचे. त्यांची तुमची नेहमीची पातळी माहीत करून घ्या. सलग तीन-चार दिवस ती सात-आठने वर राहिली, तर एकतर आजार येतोय किंवा सराव आणि झोप यांचा मेळ बसत नाहीये. तेवढे दिवस फक्त हळू पळा किंवा पळू नका.

वर्षाचा हिशोब मांडताना माझ्या मते पहिला आकडा वेळेचा नसावा, आठवड्यांचा असावा: ५२ पैकी किती आठवड्यांत किमान तीन रन झाले? ३६ वरून ४४ वर गेला असाल तर पुढच्या वर्षी वेळ सुधारायची शक्यता भरपूर आहे, यंदा सुधारली नसली तरी. कारण दमसासाचा पाया महिन्यांनी भरतो आणि दोन आठवड्यांच्या खंडात झिजायला लागतो. राहिलेल्या आठवड्यांपुढे कारण लिहा. ऑफिस, लग्नसराई, ताप, दुखापत. चारपैकी तीन खंड दुखापतीचे असतील आणि तिन्ही वेळा शर्यतीनंतरच्या पंधरवड्यातले असतील, तर नवा प्लॅन शोधू नका, शर्यती कमी करा. डिसेंबरमध्ये वसई-विरार, पुणे आणि जानेवारीत मुंबई असं ओळीने पूर्ण जोराने पळणाऱ्याला सराव करायला आठवडेच उरत नाहीत. एक आठवडा आराम, एक हळू, पुन्हा शर्यतीआधीची विश्रांती. वर्षात दोन शर्यती जोराने पळा, बाकीच्या लाँग रन म्हणून.

पावसाळ्यातल्या तापांचं वेगळं. डेंग्यू, मलेरिया किंवा चांगला व्हायरल होऊन गेल्यावर ठोके कित्येक आठवडे चढे राहतात. ते आठवडे वहीत चौकटीत टाका आणि कुठल्याही तुलनेत घेऊ नका. पण ताप नाही, उष्मा नाही, झोप बरी आहे, आणि तरीही त्याच पेसला तीन आठवडे आठ-दहा ठोके जास्त लागताहेत, तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी १२, थायरॉइडची टीएसएच. फेरिटिन मुद्दाम सांगून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही शरीरातला लोहाचा साठा उतरलेला असू शकतो, आणि शाकाहारी धावपटू व बायका यांच्यात हे विशेष दिसतं. गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका, लोह जास्त झालं तरी त्रास देतं. छातीत दडपण, चक्कर, धाप न लागता अचानक गळून जाणं, यातलं काही असेल तर तिथेच थांबा आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने जोराचा सराव सुरू करण्याआधी ही तपासणी तशीही करून घ्यावी.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. तुमचा खरा १० किमीचा वेग आज कुणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. तो आधी काढा. दहा दिवस हळू पळून ताजे व्हा आणि एका रविवारी पहाटे १० किमी पूर्ण जोराने पळा. ट्रॅक मिळाला तर उत्तम.  ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमध्ये २५ फेऱ्या. दुसऱ्या लेनमध्ये पळालात तर दर फेरीला सुमारे ७ मीटर जास्त, २५ फेऱ्यांत १७५ मीटर, म्हणजे मिनिटभराची चूक. पहिल्या पाच फेऱ्या २:२४ च्या आसपास ठेवा, मग शरीर सांगेल तसं. प्रत्येक फेरी लॅपच्या बटणाने नोंदवा, कारण पंधराव्या ते बाविसाव्या फेरीत वेळ किती पडतो, तेच सर्वांत बोलकं असतं.

मग पीट रीगेलचं जुनं सूत्र लावा. १० किमीच्या वेळेला २.२ ने गुणलं की हाफची शक्य वेळ मिळते. नेमका गुणक २.२०६. १० किमी ६० मिनिटांत आले, तर हाफ २:१२ येतो. म्हणजे तुमच्याकडे जेवढा वेग आहे तेवढा तुम्ही हाफमध्ये पूर्ण वापरताय, दमसास भरपूर आहे, कमतरता वेगाची आहे. १० किमी ५६ मिनिटांत आले, तर शक्य वेळ २:०३:३०, आणि तुम्ही साडेआठ मिनिटं मागे आहात. तेव्हा वेग आहे, दमसास कमी पडतोय. गेल्या वर्षी तुम्ही हाफचे पहिले १० किमी ५८ मध्ये काढलेत, यावरून माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो, पण अंदाजावर १२ आठवडे खर्च करू नका, चाचणी घ्या.

दमसास कमी असेल तर अंतर वाढवायचं, वेग नाही. चारऐवजी पाच दिवस करा, पाचवा दिवस ५–६ किमीचा अगदी हळू. आठवड्याचे किलोमीटर ३५, ३८, ४१, मग ३३. पुढे ४०, ४३, ४५, मग ३६. पुढे ४३, ४५, ४५, ३४. चौथा आठवडा उतरता ठेवायचाच, बरं वाटत असलं तरी. लाँग रन १४ वरून हळूहळू १८–२० किमीपर्यंत, पण अडीच तासांपुढे नाही. आणि ३५ किमी जर सगळेच ६:३० ते ६:४५ ने होत असतील, जे फार लोकांचं होतं, तर तो तुमच्या शर्यतीच्या पेसपेक्षा जेमतेम अर्धा मिनिट हळू आहे. थकवा पूर्ण येतो, वेगाचा सराव होत नाही आणि अंतरही वाढवता येत नाही. सोपे रन ७:०० ते ७:३०, दमट महिन्यांत त्याहून हळू. आजूबाजूचे पुढे जातील, जाऊ द्या.

वेग कमी असेल तर अंतर ३५–३८ वरच ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस कामाचा करा. एका आठवड्यात १० मिनिटांचे तीन तुकडे ५:५५ ते ६:०० ने, मध्ये दोन मिनिटं जॉग. हे बसलं की १५ मिनिटांचे दोन. दुसऱ्या आठवड्यात ८०० मीटरचे सहा, प्रत्येकी ४:३५ च्या आसपास, मध्ये अडीच मिनिटं जॉग. शेवटचा ८०० पहिल्याच्या वेळेत आला पाहिजे. पहिला ४:१५ ला मारून शेवटचा ५:०० ला येत असेल तर सराव वाया गेला. दोन्ही प्रकारांत आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं पायांची ताकद: एका पायावर टाच उचलणं, स्क्वॉट, स्टेप-अप. वयाच्या चाळिशीनंतर हे सोडून चालत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बारा आठवडे ती धरून ठेवा. अंतरही वाढवलं, वेगही वाढवला, शूजही बदलले, तर सुधारणा कशाने झाली किंवा गुडघा कशाने दुखला, हे वहीसुद्धा सांगू शकणार नाही.

डिसेंबरच्या शेवटी १० किमी पुन्हा त्याच ट्रॅकवर घ्या. समजा ५८ मिनिटं आली. शक्य वेळ २:०८, पेस ६:०४. मग जानेवारीत १० किमीची वेळ नोंदवणारी चटई ६०:३० ते ६१:०० च्या दरम्यान ओलांडा. यंदाच्या ६२ पेक्षा ते धीट आहे, गेल्या वर्षीच्या ५८ पेक्षा बरंच आवरलेलं. सी लिंकवर वारा तोंडावर असला तर मोठ्या घोळक्याच्या मागे राहा, पेस थोडा पडला तरी भरून काढू नका. पेडर रोडच्या चढावर पेस न बघता जोर बघा, आठच्या पुढे जाऊ देऊ नका, उतारावर ते सेकंद परत मिळतात. खरं बळ मरीन ड्राइव्हसाठी राखा. आणि घरी आल्यावर वेळेच्या खाली उत्तरार्धाचा पेस आणि त्या पहाटेचा दवबिंदू लिहून ठेवा.